आक्काच्या लेकीची वही

आक्का गेली तेव्हा तिची लेक अकरा दिवसांची होती. पहिलं बाळंतपण म्हणून माझी ही थोरली बहीण आमच्याकडे, माहेरी आली होती. बाळंत झाल्यावर तिला ताप भरला तो उतरलाच नाही. बैलगाडीत घालून तिला शेवगावच्या दवाखान्यात नेलं. गाडी परत आली तेव्हा आईने मला आतल्या खोलीत बसवलं होतं, मांडीवर बाळ देऊन.

मी सतरा वर्षांची होते. अकरावी होऊन शेवगावच्या अध्यापक विद्यालयात नुकतं नाव घातलं होतं. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने परत यायचं. आमच्या गावातून मास्तरीण व्हायला निघालेली मी पहिलीच पोरगी. ते दुष्काळाचं साल. आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सकाळी बाळाकडे चुलती बघायची. दुपारनंतर बाळ माझं.

बालमानसशास्त्र शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "प्रत्येकीने एक मूल निवडा. वर्षभर बघा. दिसेल ते वहीत लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नको."

मला मूल शोधायला कुठे जावं लागलं नाही.

शेळीचं दूध बोळ्याने पाजता पाजता मी बघायची आणि ती झोपली की लिहायची. दीड महिन्याची झाली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. पुस्तकात लिहिलं होतं की शरीराचा विकास मस्तकाकडून पायांकडे होतो. तसंच झालं. आधी मान धरली, मग पालथी पडायला लागली, मग बसायला. पुस्तकातली वाक्यं आमच्या ओसरीवर एकामागून एक खरी व्हायला लागली. मला मोठी गंमत वाटायची. आक्का गेल्याचं दुःख मी त्या वहीत घालून बसले होते, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, मी अभ्यास करते आहे.

एक प्रयोग मी सारखा करायची. वाटी तिच्या हातात द्यायची, मग तिच्यासमोरच फडक्याखाली लपवायची. सहाव्या महिन्यात वाटी दिसेनाशी झाली की तिच्या लेखी ती संपलीच. ती दुसरीकडे बघायची. आठव्या महिन्यात एक दिवस तिने हात पुढे करून फडकं ओढलं. दिसत नसलेली वस्तूही असते, हे तिला कळलं होतं. मी आनंदाने दोन पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीला निघाले तेव्हा ती जी रडायला लागली, ती दुपारपर्यंत थांबली नाही, असं चुलती म्हणाली. आता मी दिसत नसले तरी कुठेतरी असते, हेही तिला कळलं होतं.

त्याच आठवड्यात दाजी, माझ्या बहिणीचे यजमान, त्यांच्या आईला घेऊन लेकीला भेटायला आले. ते सोनईकडचे. महिन्यातून एकदा यायचे, पोरीला घेऊन बसायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केले तर पोरीने किंकाळी फोडली आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. त्यांच्या आईने डोळ्याला पदर लावला. "बाप बी परका झाला की गं हिला."

मला माहीत होतं की या वयात मुलं अनोळखी माणसाला घाबरतात. वाढ नीट होत असल्याची ती खूण असते. मी तसं सांगणारही होते. पण दाजींची आई माझ्याकडे बघत म्हणाली, "पोरीनं आपली आई निवडली. आता बोलायचं काय राह्यलं?"

माझी आई उठली. चुलीकडे गेली आणि चहाला आधण ठेवलं. त्यावरून मला कळलं की हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

संध्याकाळी नाना दावणीपाशी एकटे होते. मी जाऊन उभी राहिले.

"नाना, माझं एक वरीस राह्यलंय."

"शिकू देतो म्हनलेत ते."

"मला हे लगीन करायचंच न्हाई."

नानांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते हळूच म्हणाले, "मग पोर धाडू का तिकडं? ते दुसरी कुनी आनतील. ती बघंल तशी बघंल."

मी परत आले. पोर ओसरीवर रांगायचा प्रयत्न करत होती. मला बघून तिने दोन्ही हात वर केले.

विद्यालयात तेव्हा बाई पुढचा धडा शिकवत होत्या. शैशव, बाल्य, मग कुमारावस्था आणि मग प्रौढावस्था. कुमारावस्था वादळी असते, त्या म्हणाल्या. या वयात मुलांना आपले निर्णय आपण घ्यावेसे वाटतात, ती स्वप्नं बघतात, मोठ्यांशी वाद घालतात. मी सगळं उतरवून घेतलं. यातलं माझ्यात काय आहे ते शोधत राहिले. एकच वाद घातला होता, आणि तो दोन वाक्यांत संपला होता. माझी निरीक्षणाची वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता: "नोंदी चांगल्या. मात्र निरीक्षकाने बालकापासून अंतर राखावे."

लग्नाआधी दाजी एकदा एकटेच आले. मी पोरीला घेऊन अंगणातल्या बाभळीखाली बसले होते. ते थोडं लांब उभे राहिले.

"तुला इचारलं का कुनी?"

"न्हाई."

"मला बी न्हाई." मग म्हणाले, "तू तिच्यावानी दिसतीस. मला लई जड जातं."

"मग तुमी न्हाई म्हना."

"तू म्हन."

आम्ही दोघंही पोरीकडे बघत राहिलो. ती माती चाटत होती. दाजींनी वाकून तिच्या तोंडातला खडा काढला. तेवढंच झालं.

ज्येष्ठात आमच्याच अंगणात लग्न लागलं. वाजंत्री नव्हती. मंगलाष्टकं सुरू होताच पोर चुलतीच्या कडेवर आकांत करायला लागली. शेवटी कुणीतरी तिला माझ्याकडे दिलं. अंतरपाटाच्या अलीकडे आम्ही दोघी उभ्या होतो. तिने माझ्या मुंडावळ्या ओढून तोंडात घातल्या आणि गप्प झाली.

दाजींना मी दाजी म्हणायचं सोडलं. दुसरं काही म्हणायला जमलं नाही. शब्द मात्र त्यांनी पाळला. सासू धुसफुसायची, तरी ते मला रोज सायकलवर एसटीपर्यंत सोडायचे. वर्गात माझ्या मैत्रिणी नव्या चपला, सहल, नोकरी कुठे लागेल याबद्दल बोलायच्या. मी आठ दिवसांत बोलायचं सोडलं. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

पोर चालायला लागली, बोलायला लागली. सासू तिला "आई म्हन" म्हणून शिकवायची. मी एकटी असताना "मावशी" म्हणायला शिकवायची. तिच्या तोंडून नुसतं "मा" निघायचं. सासूला ते आपलं वाटायचं, मला माझं. आक्काची जागा कुणी घेऊ नये असं मला वाटत होतं, आणि त्या जागेवर मीच बसले होते.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षेच्या वेळी सासू नात्यातल्या एका लग्नाला गेलेली होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून ते पोरीला घेऊन माझ्याबरोबर शेवगावला आले आणि बाहेर लिंबाखाली बसले. बालमानसशास्त्राचा पेपर होता. शेवटचा तास उरला असताना पोर रडायला लागली. खिडकी उघडी होती. आधी "मा, मा" ऐकू आलं, मग नुसतं रडणं. देखरेखीवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचं मूल आहे का? जाऊन शांत करून या."

माझे पाय जागचे हलले होते. पण मी बसून राहिले. "नाही बाई," मी म्हणाले. "पेपर पुरा करते."

कुमारावस्थेवरचा प्रश्न राहिला होता. बाहेर ती रडत होती आणि मी लिहीत होते, अक्षर न बिघडवता, पुरवणी मागून घेऊन, घंटा होईपर्यंत.