मिठागरच्या किंकाळ्या

माझी वहिनी पोटासाठी ओरडते. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांच्याही घरात कुणी ना कुणी ओरडत असतंच, फक्त फुकट. वहिनीला त्याचे पैसे मिळतात. कॉम्प्युटरवर लोक जे खेळ खेळतात, त्यांतल्या माणसांना ती आवाज देते. राणीला, चेटकिणीला आवाज देणाऱ्या बायका वेगळ्या. वहिनीच्या वाट्याला बाजारातली भांडखोर बाई, दारातली म्हातारी आणि मरणारी माणसं येतात. स्टुडिओत तिला किंकाळीबाई म्हणतात.

दादा बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा येतो, थोडे दिवस लाड करून घेतो आणि जातो. त्यामुळे घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" म्हणून घरी येते आणि तेच खेळ खेळत बसते. म्हणून हे सगळं मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

अशाच एका खेळांच्या मालिकेतल्या पहिल्या खेळात मिठागर नावाचं एक गाव होतं. गावानं राजाच्या दूताला आसरा दिला, म्हणून राखसरदार नावाचा खलनायक वेशी बंद करून आख्खं गाव जाळतो. वहिनीला बोलावणं आलं. भिंतींना स्पंज लावलेली, खिडकी नसलेली ती स्टुडिओतली खोली. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "बाई, गाव शंभर माणसांचं आहे आणि पैसे एकीचे आहेत. बघा कसं जमतंय ते."

वहिनीनं जमवलं. पण नुसतं किंचाळून नाही. तिनं मनाशी एकेक माणूस ठरवला. एक बाई शेजारणीला हाका मारते, स्वतःच्या घराला आग लागलीय हे तिला कळलेलंच नाही. एक म्हातारा ओरडत नाही, नुसता खोकतो. एक जण शिव्या देत मरतो. घरी आली तेव्हा तिचा घसा असा बसला होता, की आठवडाभर आमचं बोलणं हातवाऱ्यांवर चाललं. मीठ कमी पडलं तरी ताटावर चिमटीचा अभिनय.

पुढे भलतंच झालं. राखसरदार लोकांना आवडायला लागला. पांढरे केस, फाटका आवाज, उदास डोळे. मुली त्याची चित्रं काढायला लागल्या. माझ्या फोनच्या पाठीवरही तोच होता. तिसऱ्या खेळात कंपनीनं त्याला नायकाच्या बाजूला आणून बसवलं. आणि वहिनीला पहिल्यांदाच धड भूमिका मिळाली: मिठागरमधून वाचलेली एकुलती एक बाई, विणकरीण.

वहिनी हरखून गेली. जेवणाच्या टेबलावर आम्ही संवाद वाचायला बसलो. मी राखसरदार, ती विणकरीण. तिची वाक्यं ती झोकात म्हणत होती. शेवटच्या पानावर वाक्य आलं: "तुझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि माझ्या मनातली आग विझली. मी तुला माफ केलं."

वहिनी थांबली. पानं मागं उलटली, पुढं उलटली.

"ह्यानं माफी मागितली कुठे?"

"मागितली नाही. पण रडला ना."

"रडला! रडायला काय जातंय? कांदा चिरताना मीही रडते."

मी त्याची बाजू घेतली. त्याचं बालपण वाईट गेलं होतं, बाप चाबकानं मारायचा, शिवाय ह्या भागात त्यानं नायकाचा जीव वाचवला होता.

"नायकाचा जीव वाचवला ना? मग नायकानं माफ करावं," वहिनी म्हणाली. "ज्यांना जाळलं त्यांना त्याचं काय? शेजाऱ्याचं घर पेटवायचं आणि तिसऱ्याच गल्लीत जाऊन पाणी वाटायचं. वर ह्यांना टाळ्या!"

रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. खरं तर राखसरदाराला आवाज देणारे खर्जकाका बघायची हौस. पाहिलं तर स्वेटर घातलेले, डब्यातून सफरचंदाच्या फोडी खाणारे गृहस्थ. लेखिकाही आली होती. केस कानापर्यंत कापलेली, बोलायला स्पष्ट. वहिनीनं आडपडदा न ठेवता सांगितलं, हे वाक्य मी म्हणणार नाही.

लेखिका चिडली नाही. तिनं खुर्ची ओढून विचारलं, "तुमच्या मते माणूस बदलूच शकत नाही का?"

"बदलू दे की! कुणी अडवलंय? पण बदलला म्हणजे केलेलं पुसलं गेलं, हे कुणी ठरवलं?"

"मग त्यानं काय करावं? मरावं?"

"मरून कुणाची भिंत उभी राहणार आहे? त्यानं तिथं जावं. राख उपसावी. हाडं वेचावीत. कुणी तोंडावर थुंकलं तर पुसावं आणि पुन्हा कामाला लागावं. आणि माफी मिळेल ही आशा सोडून द्यावी."

"हे बरोबर आहे," लेखिका म्हणाली, "पण हे खेळणार कोण? लोक थकून घरी येतात. त्यांना वाटतं, वाईटातल्या वाईट माणसालाही परत यायला वाट असावी. त्यांना स्वतःसाठीच ते हवं असतं, बाई."

वहिनीनं हातातलं पान पुन्हा एकदा वाचलं.

तेवढ्यात खर्जकाकांनी डबा बंद केला. "तीस वर्षं मी नुसता राक्षसासारखा हसतोय," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा रडायला मिळालंय. माझी नात माझं काम ऐकायला बसणार आहे. तुम्ही वाक्य म्हटलं नाही तर माझा प्रसंग पडतो."

वहिनीचा आवाज एकदम खाली आला. "काका, तुम्ही रडा. तुमचं रडणं खरं आहे. पण त्याची पावती माझ्याकडे मागू नका."

दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. वहिनीनं हेडफोन काढून खुंटीला लावले. दुपारपर्यंत दुसरी मुलगी आली आणि तिनं वाक्य म्हटलं. छान म्हटलं, असं नंतर कळलं.

खेळ बाजारात आला आणि तुफान चालला. वहिनीपुढे त्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून ती भाजीला गेली की मी खेळायचे. एका रविवारी तो प्रसंग आला. राखसरदार मिठागरच्या राखेत गुडघे टेकून बसतो, व्हायोलिन वाजतं, त्याच्या गालावरून एक थेंब ओघळतो. माझेही डोळे भरले. आणि मागून भाजीची पिशवी जमिनीवर आदळली.

"आवाज वाढव," वहिनी म्हणाली.

मी वाढवला. व्हायोलिनच्या खाली, अगदी बारीक, किंकाळ्या होत्या. पहिल्या खेळातल्याच. शेजारणीला हाका मारणारी बाई. खोकणारा म्हातारा.

"ती माझी माणसं आहेत." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "जळाली ती, आणि कॅमेरा ह्याच्या तोंडावर? ह्याचं दुःख गोड लागावं म्हणून त्यांना मागे वाजवायला बसवलं? जिवंतपणी जाळली ती जाळली, मेल्यावरही ह्याच्याच कामाला जुंपली!"

मी म्हटलं, "वहिनी, खेळ आहे गं."

"खेळ आहे म्हणूनच सांगते. इथं सगळं आपल्या हातात आहे. खऱ्या जगात कुणाला न्याय मिळत नाही तो मिळत नाही. निदान मनानं रचलेल्या गोष्टीत तरी मेलेल्यांकडे बघायला काय हरकत होती?"

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत जाऊन धडकली. किंकाळ्या काढा म्हणाली. दिग्दर्शकानं करार समोर ठेवला: एकदा दिलेला आवाज कंपनीचा. "कायद्यानं असेल," ती म्हणाली आणि थेट लेखिकेच्या टेबलाशी गेली. तिथं उभ्याउभ्या तिनं सगळी माणसं सांगितली. कोण कुणाला हाक मारत होतं, कोण शिव्या देत होतं, खोकणारा म्हातारा ओरडत का नव्हता. ऑफिसातली माणसं माना वर करून ऐकत राहिली.

लेखिका शेवटी म्हणाली, "मी फक्त 'गर्दी, किंकाळ्या' असं लिहिलं होतं. आणि खरं सांगू? हे माहीत असतं तरी बहुधा तोच प्रसंग लिहिला असता. तो चालतो."

वहिनी पाय आपटत घरी आली. त्या स्टुडिओतून काम यायचं बंद झालं. ती पोपट आणि ससे असलेल्या लहान मुलांच्या खेळांत आवाज द्यायला लागली आणि सगळ्यांवर खार खाऊन राहिली, पोपटासकट.

बऱ्याच महिन्यांनी लेखिकेचा फोन आला. म्हणाली, तुमचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. तिनं खेळाला एक छोटी पुरवणी लिहिली होती. खेळायची सक्ती नाही. लढाई नाही, त्यामुळे खर्च कमी, म्हणून वरच्यांनीही होकार दिला होता. राखसरदार मिठागरला जातो आणि खेळणारा बटणं दाबेल तसे दगड वाहतो, एवढंच. विणकरीण, म्हणजे ह्या वेळी वहिनीच, पडलेल्या वेशीत उभी असते. प्रत्येक घराशी आल्यावर तिथं कोण राहायचं ते ती सांगते. माफीचं वाक्य नाही. कुठेच नाही.

"आणि त्या व्हायोलिनखालच्या किंकाळ्या?" वहिनीनं विचारलं.

"त्या निघणार नाहीत. मी प्रयत्न केला."

वहिनीनं फोन आपटला. दोन दिवसांनी स्वतःच फोन करून काम घेतलं. खर्जकाकांना ह्या वेळी एकही संवाद नव्हता, नुसत्या धापा. "ह्या वयात धापा टाकायचे पैसे मिळतायत, तेही काही कमी नाही," म्हणाले, पण टाकल्या मन लावून.

पुरवणीला बऱ्याच जणांनी नावं ठेवली. कंटाळवाणी, रटाळ, आमच्या सरदाराला हमाल केला. थोड्यांनी मात्र शेवटपर्यंत खेळली. मीही. राखसरदार मला अजूनही आवडतो, फक्त फोनच्या पाठीवर आता तो नाही.

पुढे एका सभागृहात खेळणाऱ्यांचा मेळावा झाला. वहिनीला पहिल्यांदाच मंचावर बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर दाढीवाला, ऑफिसच्या कपड्यांतला एक माणूस पुढे आला. हात जोडून हसत म्हणाला, "काकू, मी सगळेच्या सगळे दगड वाहिले. आता तरी त्याला माफ करा ना!"

वहिनी हसली नाही. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तू वाहिलेस, बाळा," ती म्हणाली. "बटणं तू दाबलीस. त्यानं काय केलं?"

वहिनीनं पर्स उचलली, माझा दंड धरला आणि दारापर्यंत पुटपुटत राहिली, "माफ करा म्हणे. ह्यांना सगळ्यांना घाई झालीय. मेलेल्यांना सोडून."