पुन्हा एकदा सुई

संत्र्याच्या आंबिया बहराची तोड चालू होती. बोरगावच्या बागेत मी मजुरांना चहा देत होते, तेवढ्यात फोन आला... डॉक्टर निमाताई गेल्या. हृदयविकाराचा झटका आला होता. माझे पती दिवाकर संत्र्यांच्या ढिगाजवळच खाली बसले.

निमाताई पांढुर्ण्यात पॅथॉलॉजिस्ट होत्या. काही वर्षांपूर्वी दिवाकरांच्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा गावात कोणी गालफुगी म्हटलं, कोणी लेप सुचवला. सुई टोचली की गाठ पसरते, ही भीती दिवाकरांच्या मनात पक्की. शेवटी मीच त्यांना ताईंकडे नेलं. बोटांच्या चिमटीत गाठ धरून ताईंनी बारीक सुई आत घातली, तर पातळ पाणी निघालं आणि गाठ बसल्यासारखी झाली. दिवाकर खुशीत घरी आले. पण लगेच ताईंचा फोन आला, की पाण्यात पेशी फारशा नाहीत, पुन्हा नमुना पाहिजे. दिवाकर ऐकेनात. मग रविवारी ताई स्वतःच बोरगावला आल्या, पिशवीत सुया आणि काचपट्ट्या घेऊन.

“गाठ बसली ना जी, आता काऊन टोचून राहिल्या?” दिवाकर म्हणाले.

“भाऊ, मले काही दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणून नाहीच, असं कसं म्हणू? उरलेल्या गाठीतलं पाहू द्या.”

ताईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. दिवाकरांनी मान वळवून गाठ त्यांच्यापुढे केली...

त्या नमुन्यावरून कर्करोगाचा संशय आला. तेही ताईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. गाठ लाळग्रंथीची आहे, लवकर सापडली आहे, नागपूरला जाऊन काढून घ्या, एवढंच बोलल्या, आणि दिवाकर रडत होते तोवर समोरच्या स्टुलावरून उठल्या नाहीत. ऑपरेशन नीट झालं. हसताना ओठाचा एक कोपरा किंचित मागे राहतो, इतकंच.

परवा ताईंची तपासणीची खोली आवरायला आम्ही गेलो होतो. सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलेलं होतं. मी कपाट पुसत होते, तेवढ्यात सावरगावची एक बाई पदरानं गाल झाकून दारात आली. ताई गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती परत वळली.

“थांबा जी,” दिवाकर म्हणाले. ताई रोग्यासमोर ओढून घ्यायच्या ते स्टूल त्यांनी पुढे ओढलं आणि स्वतः त्यावर बसले. “ताई नाही आता. तुमाले नागपूरले जा लागन, पण जा. सुई कशी असते, थे मी सांगतो.”

आणि त्यांनी कानाखालचा वण तिला दाखवला.