वीर स्टेशन कुडपणला नेल्याची तक्रार

यंदाच्या शिमग्यात मी होमाजवळ उभा राहून काय ओरडलो, हे तिथं जमलेल्यांना ठाऊक आहे. पण मुंबईला, पुण्याला, सुरतेला असलेल्या आमच्या माणसांपर्यंत ते अर्धंमुर्धंच पोचलं. कुणी म्हणतं, भाऊसाहेबांना, म्हणजे मला, त्या दिवशी कुणीतरी चहाच्या नावाखाली दुसरंच काही पाजलं. कुणाला अजून वाटतं, कंडक्टरचं पेज त्याच्या पुतण्यानंच बंद पाडलं. पहिलं खोटं आहे, निदान चहापुरतं तरी. दुसरं तर साफ खोटं आहे. ते काम माझं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, हमरस्त्यापासून थोडं आत. मी तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. आयुष्यभर तक्रार अर्जांच्या टेबलावर बसलो, त्यामुळे घरातली मंडळी सोडली तर सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात. माझा शाळेपासूनचा दोस्त एसटीत कंडक्टर होता. त्याला सगळे अजून कंडक्टरच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक कुंपण आहे, पण त्याच्या आवाजाला ते कधी अडवू शकलं नाही. तो अंगणात उभा राहून बायकोला हाक मारतो, तेव्हा रस्त्यावरचा माणूस गाडी सुटली की काय म्हणून धावत सुटतो.

आमच्या शिमग्यात फाका घालायची रीत आहे. फाका म्हणजे होमाभोवती उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून कुणाची तरी टर उडवायची. वर्षभरात कुणाचं काय हसू झालं असेल ते त्या दिवशी बाहेर येतं. मीठमसाला लावायला मुभा आहे, धडधडीत खोटं बोलायलाही मुभा आहे. पण त्याला नियम आहेत. सुतक असलेल्या घरावर फाका नाही. बाईमाणसाच्या अब्रूवर नाही. जुने मानकरी काठी आपटून 'पुरे' म्हणाले की गप्प बसायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की ज्याच्यावर फाका पडला त्याला तिथल्या तिथं उलट फाका घालायचा हक्क आहे. शिवाय पहिला फाका कंडक्टरचा, हे आता इतकी वर्षं चालत आलंय की त्याच्याआधी कुणी तोंड उघडत नाही.

त्याचा पुतण्या मुंबईत नोकरीला आहे. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तोच मुलासारखा. त्यानं काकाला मोबाईलवर एक पेज काढून दिलं होतं. त्यावर आमच्या पालखीचे नाच होते, बायकांची गाणी होती, आणि दर शिमग्याचे फाके होते. गाव सोडून गेलेली माणसं ते बघून डोळे पुसायची आणि मग एकमेकांना शिव्या लिहायची. एकूण आनंद होता.

गेल्या वर्षीच्या शिमग्यात कंडक्टरनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि थेट स्टँडवरच्या सुरात सुरू केलं.

"सर्व प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! वीर स्टेशनाला उन्हाळा सोसत नसल्यामुळं ते थंड हवेला कुडपणला गेलं हाय! उद्यापासून सगळ्या रेल्वेगाड्या डोंगर चढून जातील! चढाला प्रवाशांनी खाली उतरून ढकलायचं हाय!"

वीर म्हणजे आमचं जवळचं रेल्वे स्टेशन, आणि कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वरचा डोंगर. तिथं एसटी चढताना धापा टाकते. गाव हसून लोळलं. रेल्वे आल्यापासून एसटीवाल्यांच्या पोटात जे दुखत होतं, ते त्यानं असं बाहेर काढलं.

"आणि दुसरी सूचना! शिवथरघळीत वाघ शिरल्याची बातमी खोटी हाय! आमचा भाऊसाहेब तिथं ध्यानाला बसून घोरत होता!"

यातलं निम्मं खरं होतं. मी माझ्या विहीणबाईंना घळ दाखवायला नेलं होतं. आत गारवा होता, मी डोळे मिटले, आणि पुढचं मला माहीत नाही. एक बाई लगबगीनं बाहेर गेल्या एवढंच मला नंतर कळलं. हे मी कंडक्टरला विश्वासानं सांगितलं होतं. हीच माझी चूक.

सगळे माझ्याकडे वळले. उलट फाक्याची वाट बघत होते. मला तर घरात भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मोठ्यानं सांगता येत नाही. मी हसलो, हात हलवला आणि खाली बसलो.

तो व्हिडिओ पेजवर गेला आणि तिथून कुठे कुठे गेला. सुरतेहून एका नातेवाइकांचा मला फोन आला, "अहो, मग आम्ही आता उतरायचं कुठं?" ते चेष्टा करत नव्हते. पुतण्यानंही काकाला फोनवर सांगितलं होतं, "काका, स्टेशनाचं काढून टाका. बाहेरची माणसं खरं मानतात." काकानं त्याला भित्रा म्हटलं. हे सगळं मी ऐकून होतो. तरी मला स्टेशनाचं काही नव्हतं. मला लागलं ते विहीणबाईंच्या निरोपाचं. त्यांनी व्हिडिओ पाठवून खाली लिहिलं होतं, 'वाघाची तब्येत बरी आहे ना?' आणि हसऱ्या तोंडांची रांग.

मी चहाचा कप बाजूला ठेवला, व्हिडिओवरच्या तीन ठिपक्यांवर बोट दाबलं आणि तक्रारीचं कारण विचारल्यावर निवडलं: खोटी माहिती. घोरण्याबद्दल तक्रार करता येत नव्हती, ते खरं होतं. मी स्टेशनाच्या आड लपलो.

आता माझी बाजू सांगतो, ती बाजू म्हणून नव्हे, गंमत म्हणून. मी जन्मभर तक्रार अर्ज हाताळलेला माणूस. माझ्या डोक्यात तक्रारीची वाट ठरलेली होती. अर्जावर शिक्का बसेल. समोरच्याला नोटीस जाईल. म्हणणं मांडायला मुदत मिळेल. कुणीतरी पंचनाम्याला वीरला जाऊन स्टेशन जागेवर आहे का ते बघून येईल. तोवर कंडक्टर घाबरून माझ्याकडे येईल, मी भुवया वर करून म्हणेन, 'बघू, काय करता येतं ते,' आणि अर्ज मागे घेईन. आमच्या कचेरीत निम्मे अर्ज असेच मिटायचे.

इथं चहा निवायच्या आत उत्तर आलं. तुमच्या तक्रारीबद्दल आभार, मजकूर काढून टाकला आहे. ना सुनावणी, ना नोटीस. इतकं जलद काम मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि मला त्याची भीतीच वाटली.

कंडक्टरला वाटलं, आपलंच बोट कुठंतरी लागलं. त्यानं व्हिडिओ परत टाकला. परत गेला. त्यानं पुन्हा टाकला. मग अख्खं पेजच बंद झालं, पालखीसकट, गाण्यांसकट. आलेली सूचना इंग्रजीत होती. ती वाचून घ्यायला तो कुंपण ओलांडून आला तो माझ्याचकडे.

"वाच रे, काय म्हणतायत ते."

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "वारंवार खोटी माहिती पसरवल्यामुळे," मी वाचलं, "हे पेज बंद करण्यात आलं आहे."

"म्हणजे मी खोटारडा?"

"तसं नाही..."

"मग कसं? सगळा जन्म तिकिटं फाडली, एका पैशाचं खोटं बोललो नाय. शिमग्यात बोललो त्याला खोटं म्हणतात काय?" मग म्हणाला, "हे त्या पोरानंच केलं. तोच म्हणत होता काढून टाका. पेजच्या चाव्या पण त्याच्याचकडे."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेतोस?"

त्यानंतर त्यानं पुतण्याचा फोन उचलणं सोडलं. गणपतीला पोरगा आला तो सासुरवाडीला उतरला आणि आरतीपुरता येऊन गेला. वहिनी मला कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही तरी समजवा ना ह्यांना. तुमचं ऐकतात." मी मान हलवली. कंडक्टर हाक मारेनासा झाला होता. आमच्या रस्त्यावर आता कुणी गाडीसाठी धावत नव्हतं.

एक मात्र लिहून ठेवतो. खोटं काढून टाकूच नये असं मी म्हणत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढतं, तेव्हा 'वरून पाणी सोडलं, पळा' असं कुणीतरी उगाच पाठवतं आणि म्हातारी माणसं अंधारात घरं सोडतात. असलं काढलं तर मी आभारच मानीन. पण होमाजवळ सगळ्यांना माहीत असतं की आज शिमगा आहे, हा कंडक्टर आहे, आणि उद्या हाच समोरून चहा मागत येणार आहे. काठी आपटणारा मानकरीही ओळखीचा असतो, त्याच्याशी भांडता येतं. व्हिडिओ गावाबाहेर गेला तेव्हा शिमगा मागेच राहिला. आणि मला उलट फाक्याचा हक्क होता, तो मी वापरला नाही. मी न दिसणाऱ्या मानकऱ्याला मागून हळूच सांगितलं. खंत आहे ती ह्याची.

मग यंदाचा शिमगा आला. उन्हं कलली, होम पेटला, ढोल वाजून थांबले. सगळे कंडक्टरकडे बघू लागले. तो हाताची घडी घालून बसला होता.

"घाला की, कंडक्टर!"

"मी नाय. मी खोटारडा माणूस. इंग्रजीत लिहून दिलंय."

कुणी हसलं नाही. मानकऱ्यांनी काठीसुद्धा उगाच जमिनीत टोचली. फाक्याशिवाय होम विझणार असं दिसू लागलं. वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आणि मी उठलो. गुडघे कुरकुरले, ते बहुतेक पहिल्या ओळीला ऐकू गेलं असेल.

मी दोन्ही हात तोंडाशी नेले. "तमाम लोकांस कळवण्यात येते की!" माझा आवाज पोपटासारखा निघाला. "की, कंडक्टरविरुद्धचा तक्रार अर्ज! अर्जदार, भाऊसाहेब! कारण, घोरण्याचा राग! पुतण्याचा काही एक संबंध नाही! पंचनामा झाला नाही! भाऊसाहेब वाघ नाही! भाऊसाहेब मांजर आहे!"

एवढं बोलून मी दमलो. होमातली लाकडं तडतडत होती. कंडक्टर माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावरून मला काही कळेना. मग तो उठला. सावकाश माझ्यासमोर आला.

"तू?"

"मी."

"आणि मला वाचून पण तूच दाखवलंस?"

"हो."

"चष्मा पुसत होतास. मला वाटलं, रडतोयस."

"ते पण होतं."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "गो बाय, आता मारामारी नको! कंडक्टर, उलट फाका घाल, तुझा हक्क हाय!"

कंडक्टरनं श्वास घेतला. वर्षभर साठवलेला असावा. "सर्व प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं!" समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत आला. "भाऊसाहेबांचा अर्ज फेटाळला हाय! दंड म्हणून अर्जदारानं वर्षभर रोज सकाळी कंडक्टरच्या अंगणात येऊन चहा प्यायचा हाय! चहा त्यानंच करून आणायचा हाय! आणि येताना घोरायचं नाय!"

ढोल वाजले की लोक ओरडले, मला सांगता येणार नाही. कुणीतरी मला उचललं, ते मात्र आठवतं, कारण चष्मा पडला.

त्या गोंधळातच त्यानं वहिनींना फोन लावायला सांगितला. वहिनींनी लावून स्पीकर सुरू केला. पलीकडून पुतण्याचा आवाज आला, घाबरलेला. "काकी? काका बरे आहेत ना?"

"काकाच बोलतोय," कंडक्टर म्हणाला. आवाज अचानक बारीक झाला, मग त्यानं खाकरून तो जागेवर आणला. "चुकलं रे माझं. उद्याच्या गाडीनं ये. पोरांना पण आण."

"येतो काका. वीरला उतरून रिक्षा करतो."

"रिक्षा नको. भाऊसाहेब येतोय तुला न्यायला, त्याला दंड झालाय. आणि वीरलाच उतर. स्टेशन अजून तिथंच हाय."