हाळदवाडीच्या तीन खेपा

समजा, तुम्हाला एक फाइल लिहायची आहे. ती वाचणार प्रोग्रॅम, पण भरणार माणूस. आणि त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. टँकर कुठे भरायचा, कोणत्या गावाला किती खेपा, एका खेपेत किती लिटर, हे सगळं त्यानं तुमच्या नमुन्याकडे बघून भरायचं. नमुन्यात गावाचं नाव काय लिहाल? 'अबक'? 'गाव क्रमांक एक'? लिहून तर बघा!

कावेरी सोनकांबळेनं लिहिलं, 'हाळदवाडी'. जळकोटकडचं तिचं स्वतःचं गाव.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कावेरी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून औसा रोडवरच्या चार माणसांच्या ऑफिसात नोकरीला लागली होती. टँकरवाल्या ठेकेदारांसाठी रोजच्या खेपांची यादी काढणारा प्रोग्रॅम तिथं तयार होत होता. त्याची सेटिंगची फाइल प्रत्येक ठेकेदाराची वेगळी, आणि इंग्रजी सूचना वाचून ती कुणालाच भरता येईना. मग कावेरीनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला चार प्रश्नांची उत्तरं द्या, की तो अख्खी नमुना फाइल काढून देतो, आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर साध्या मराठीत सूचना! पहिली फाइल निघाली तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"सर, बघा ना इकडं!"

मालक ईश्वरप्पा सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "जिल्हा लातूर लिहिलास? उद्या उदगीर जिल्हा झाला तर?"

"म्हणून तर ही फाइल हाय ना सर! प्रोग्रॅमला हात लावायचा न्हाई. एक ओळ बदलली की झालं!"

"वीस वर्षं झाली पोरी, नवा जिल्हा होऊनच राहिलाय," सर म्हणाले. पण हसत म्हणाले.

यादीच्या पहिल्याच ओळीत नमुना म्हणून तिनं लिहिलं होतं: हाळदवाडी, खेपा तीन. खरं तर वाडीला दिवसाला एकच खेप मिळायची, तीही भांडून. 'तीन' टाइप करताना ती मनातल्या मनात हसली. नमुनाच तर आहे!

नमुना ठेकेदारांना पाठवला, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी दहाला तिच्या आईचा, नागुबाईचा, फोन आला.

"कावे, लई चांगलं केलंस माय! काल तीन टँकर आले, परवा बी तीन. विहीर कमरेइतकी भरली. बाया म्हणून राहिल्या, सोनकांबळ्याच्या लेकीनं टँकर वळवला."

कावेरीच्या हातातला चहा तसाच राहिला. वळवला? तिनं लगेच जळकोटला मन्मथला फोन लावला. हाळदवाडी ज्या ठेकेदाराकडे होती, त्याचा हा कारकून.

"मन्मथभाऊ, यादीतली पहिली ओळ वाचा बरं."

"हाळदवाडी, तीन."

"ती कुणी भरली?"

"तुमीच की! आधीच भरून आली होती. म्हणलं, हापिसातूनच ठरलं असंल. मी दुसऱ्या ओळीपासून माझी गावं भरली."

दिवसाला एकूण बारा खेपा. प्रोग्रॅम वरून खाली वाटत जातो. वरच्या ओळीनं दोन जास्त खाल्ल्या, म्हणजे तळाची ओळ उपाशी.

"तळाला कोण हाय, भाऊ?"

"खडकतळी. दोन दिवस झाले ताई, तिकडं थेंब न्हाई."

फाइलीत तीनचा एक करायला मन्मथला अर्धं मिनिट लागलं. पण आजची एक खेप वाडीत उतरली होती, दुसरी रस्त्यात होती, आणि ड्रायव्हर सटवाजीचा फोन लागत नव्हता. त्या टँकरला अडवू शकेल असं माणूस एकच होतं. तिनं आईला फोन लावला.

"माय, आता टँकर येईल तो विहिरीत सोडू देऊ नको. खडकतळीला पाठव."

"येडी झालीस का? हितं बाया घागरी घेऊन उभ्या हायत!"

"तो नमुना होता माय. मीच लिहिलेला. शाळेच्या गणितात आंबे असतात ना, तसं."

"मग गणितातलं पाणी खरं कसं आलं गं?"

"खडकतळीचं हाय ते, माय."

पुढचं तिला नंतर कळलं. नागुबाई विहिरीच्या काठावर पदर खोचून उभी राहिली आणि सटवाजीला पाइप उतरवू देईना. शेजारची सरजाबाई कडाडली, "लेकीनं आणलं आन् मायनं घालवलं!" नागुबाई म्हणाली, "घालवलं तर घालवलं. माज्या लेकीचं नाव त्या गावच्या बायांच्या शिव्यात नगं." सरजाबाईनं घागर आपटली, पण वाट सोडली.

साडेबाराला मन्मथचा फोन आला. "ताई, खडकतळीला टँकर पोचला!" कावेरीनं टेबलावर अशी थाप मारली की ईश्वरप्पा सरांचा चष्मा खाली आला.

त्याच दुपारी तिनं नवा नमुना काढला. नावाच्या जागी आता 'इथे गाव लिहा' एवढंच. एक जरी जागा भरायची राहिली, तर प्रोग्रॅम यादीच काढणार नाही. आता कुणाचं पाणी कुणाकडं जाणंच शक्य नाही! सगळ्या ठेकेदारांना तिनं तो झपाट्यानं पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा मन्मथचा फोन. "ताई, एका गावापुढं खेपा भरायच्या राहिल्या, तर यादीच निघंना! तीन टँकर तासभर उन्हात उभे. मागचा नमुना चुकला, पण चालला तरी. ह्यो तर रुसलेल्या जावयावानी बसलाय!"

कावेरीनं फोनवरच ती जागा भरून घेतली, यादी निघाली, टँकर हलले. मग ती दोन्ही नमुने स्क्रीनवर शेजारी शेजारी मांडून बसली. तिचे कान तापले होते, पण हे कोडं कॉलेजात कुणीच का घातलं नाही, या विचारानं तिला हुरूपही चढला होता. वहीचं कोरं पान काढून तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं:

हातात पडताच चालू होईल असा नमुना द्यावा, की भरल्याशिवाय हलणारच नाही असा?