मळ नव्हता तो

"काका, हा मळ नाही," डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुजाताच्या मानेवरून बोट फिरवलं. "आजार आहे. लहानपणापासून आत बसलेला."

सुजाता माझी लेक, चौतीस वर्षांची. आम्ही भांडुपला टेकडीवर राहतो. मी चौथी शिकलेला, वॉचमनकी केलेला माणूस. ज्यांच्या घरात गुटगुटीत पोर आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

लहानपणी सुजाता गोलमटोल. बाया गाल ओढायच्या. "शांताबाई, काय बाळसं धरलंय गं!" शांता, माझी बायको, फुलून जायची. पोर दुसरीत असताना तिची मान काळी पडली. शांताला वाटलं मळ. दर रविवारी मोरीत बसवून पाय घासायच्या वजरीने मान घासायची. पोर बोंबलायची. कातडं सोलायचं, काळं जायचं नाही. तेव्हा वस्तीत रविवारी आणखी एकदोन घरांतून तसंच रडणं यायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. इन्सुलिन रक्तातली साखर जिरवतं, पण अंग त्याचं ऐकेनासं होतं. मग मान, काखा काळ्या पडतात. आता सुजाताला डायबेटिस आहे, बीपी आहे, लिव्हरवर चरबी आहे. "प्रत्येक जाड मुलाला असं होत नाही," त्या म्हणाल्या. "पण दाखवायला हवं."

मग विचारलं, "झोपेत घोरते का?"

घोरण्याचं मला काही नाही. भीती थांबण्याची. सुट्टीच्या दिवशी जेवून आडवी झाली की घरघर चालू. मध्येच एकदम काही नाही. पंखा फिरतोय, छाती हलत नाही. मग हिसका देऊन श्वास परत, बुडालेलं माणूस वर यावं तसा. तिला काही आठवत नाही.

शांता अशीच गेली. तीही तशीच जाड, तशीच घोरायची, तशीच थांबायची. कोणी तपासलं नव्हतं. एका दुपारी थांबली ती परत आलीच नाही. मी चहाचं आधण ठेवलेलं.

म्हणून सुजाता गप झाली की मला शांता खोलीत आल्यासारखी वाटायची. खोटं सांगत नाही. उशाशी कोणीतरी बसलेलं असायचं. पाठीला गार लागायचं. मी हळूच म्हणायचो, "शांते, हिला नको नेऊ."

स्लीप स्टडी केली. अंगाला वायरी लावून झोपवतात, श्वास मोजतात. रिपोर्टसाठी दवाखान्यात बाकावर बसलो होतो. समोर एक बाई ओल्या रुमालाने मुलीची मान खसाखसा घासत होती.

मी म्हणालो, "बाई, घासू नका."

"आजोबा, तुम्ही तुमचं बघा ना."

सुजाता उठली. तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली आणि केस वर उचलले. "ताई, माझी आईपण अशीच घासायची. बघा."

बाईचा हात थांबला. ती उठून डॉक्टरांच्या खोलीकडे गेली, मुलीला घेऊन.

सुजाताला स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे झोपेत श्वास बंद पडणं. मशीन दिलं, नाकावर मास्क लावून लांब नळीतून हवा आत ढकलणारं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवा, साखर सांभाळा, मशीन सोडू नका. अजून वेळ गेलेली नाही." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी दुपारी मास्क लावून सुजाता म्हणाली, "पप्पा, हत्ती दिसते ना मी?"

"दिसतेस. झोप गप."

ती झोपली. मशीनची फूस, फूस चालू राहिली. मी पायाशी उभा. आता थांबेल, मग थांबेल. थांबलीच नाही. छाती वर, खाली, वर, खाली. चहाची वेळ झाली तरी चालूच.

मी उशाकडे बघितलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

मला बरं वाटलं. मग बाहेर पायरीवर जाऊन शांतासाठी रडलो. गेल्यापासून पहिल्यांदा.