आठ दिवसांची फाईल

भोपाळच्या कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरांतलं कुठलंही मराठी कुटुंब घर घ्यायला निघालं, की कागदांची फाईल आधी अच्युतराव पिंपळापुऱ्यांकडे यायची. अच्युतराव कारखान्याच्या वित्त विभागात होते. नागपुरात बी.कॉम. करून तेविसाव्या वर्षी भोपाळला आले, आणि पुढच्या पस्तीस वर्षांत न वाचता त्यांनी एकाही कागदावर सही केली नाही. फाईल घेऊन येणाऱ्याला ते चहा पाजत आणि एकच अट घालत. फाईल आठ दिवस त्यांच्याकडे राहील, आणि ती परत मिळेपर्यंत मालकाला इसाराचा बयाना द्यायचा नाही.

लोक ही अट निमूट पाळत, कारण तिच्यामुळे काहीजण वाचले होते. इंदुमतीबाई हरदासांना जो प्लॉट दाखवला होता तो आधीच दोघांना विकलेला निघाला, हे अच्युतरावांनीच शोधून काढलं. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची मिळू लागली. खरं तर फाईल वाचायला त्यांना अर्धा तास पुरे. कचेरीत जाऊन नोंद पाहायची म्हटली तरी फार तर एक दिवस. उरलेले दिवस फाईल त्यांच्या कपाटात नुसती पडून असे. पण आठ दिवस म्हटलं की कामाला वजन येई, आणि ते वजन त्यांना आवडायचं.

स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र हीच सवय त्यांना नडली. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यानंतर काही महिन्यांत क्वार्टर सोडायचं. कोलार रोडच्या बाजूला घरांचे भाव दर महिन्याला चढत होते, आणि एका घरामागे पाचपाच माणसं उभी असत. अच्युतरावांनी चार घरं पसंत केली आणि चारही हातची गेली. चौथ्या वेळी आठव्या दिवशी फोन केला, तेव्हा दलाल हसून म्हणाला, "बाबूजी, वो मकान तो पिछले शुक्रवार को ही निकल गया."

निर्मलाबाई, त्यांच्या पत्नी, फारशा बोलत नसत. पण त्या दिवशी ताट वाढताना म्हणाल्या, "तुमचे आठ दिवस होईस्तोवर लोक वास्तुशांत करून जेवून मोकळे होतात."

अशा दिवसांत एका रविवारी मनोहर सरोदे फाईल घेऊन आला. मनोहर समोरच्याच क्वार्टरात राहायचा. मशीन शॉपमध्ये फोरमन, निवृत्तीचं वर्षही दोघांचं एकच. वीस वर्षं दोघं एका स्कूटरवरून फॅक्टरीच्या गेटपर्यंत जात होते. एक आठवडा स्कूटर मनोहरची, एक आठवडा अच्युतरावांची. मनोहर त्यांना अरेतुरे करायचा. तसं करणारा टाउनशिपमध्ये तो एकटाच.

मनोहरला घर सापडलं होतं. कोलार रोडला लीलावतीबाई कानडे नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना आता नागपूरला मुलीकडे जायचं होतं. त्यांनी दलाल लावला नव्हता, पाटी टांगली नव्हती. आपलं डुप्लेक्स एखाद्या मराठी कुटुंबाला द्यावं आणि अंगणातला प्राजक्त त्यानं तोडू नये, एवढीच त्यांची इच्छा. भाव वाजवी. व्हरांड्याच्या छताला एक भक्कम कडी होती आणि मनोहरच्या बायकोनं, मालतीनं, तिथं झोपाळा टांगायचं ठरवूनही टाकलं होतं.

"तू हो म्हणालास की दुसऱ्या दिवशी बयाना," मनोहर म्हणाला. "बाईंना मी आठ दिवस मागून घेतलेत. माझा माणूस बघतोय म्हटलं."

संध्याकाळी अच्युतरावांनी फाईल उघडली. रजिस्ट्री, मालकीबदलाचं नामांतरण, मंजूर नकाशा, सगळं जागच्या जागी. कराच्या पावत्या वर्षावार लावून दोऱ्यानं ओवलेल्या. त्यांनी स्वतः लावल्या असत्या तर अशाच लावल्या असत्या. पंचवीस मिनिटांत वाचून झालं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. अशी निर्वेध कागदपत्रं त्यांनी इतक्या वर्षांत दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्याची होती. फाईल मिटून त्यांनी ती कपाटात ठेवली.

सोमवारी स्कूटरवर मागे बसलेल्या मनोहरनं विचारलं, तेव्हा एक कागद बघायचा राहिलाय असं त्यांनी सांगितलं. मंगळवारीही तेच. बुधवारी मनोहरनं विचारलं नाही. तो निर्धास्त होता.

गुरुवारी अच्युतरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोलार रोडला गेले. नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का एवढंच पाहून यायचं, असं ते स्वतःला बजावत होते. चेकबुक मात्र त्यांनी सकाळीच बॅगेत घातलं होतं. नकाशा पाहायला चेकबुक लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लीलावतीबाईंनी त्यांना घर दाखवलं, सरबत दिलं. मग जरा अवघडून बोलल्या. दोघेजण जास्त पैसे घेऊन दारात येऊन गेले होते, मुलीचा रोज फोन येत होता, आणि मनोहररावांना दिलेल्या आठ दिवसांतले निम्मे सरले होते. त्यांचं नक्की आहे ना, असं त्यांनी विचारलं. विश्वासानं विचारलं, कारण कागद बघणारा म्हणून मनोहरनं नाव अच्युतरावांचंच सांगितलं होतं.

अच्युतरावांनी ग्लास खाली ठेवला. "त्यांचं अजून काही नक्की दिसत नाही," ते म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. नक्की होऊ द्यायचं त्यांच्याच हातात होतं आणि त्यांनीच होऊ दिलं नव्हतं. लीलावतीबाई म्हणाल्या, तुमच्याच पाहण्यात कुणी असेल तर सांगा. तेव्हा अच्युतरावांनी बॅग उघडली.

शुक्रवारी लीलावतीबाईंनीच मनोहरला भल्या मनानं फोन केला. घर तुमच्या मित्रालाच गेलं, परक्याला नाही, हे त्याला कळावं म्हणून. तासाभरात मनोहर आला. अच्युतराव घाईघाईनं सांगू लागले, की दोन गिऱ्हाइकं टपून होती, घर असंही गेलंच असतं, निदान आपल्यातल्या आपल्यात राहिलं. मनोहरनं सगळं ऐकून घेतलं.

"मी तर तुझ्या शब्दावर थांबलो होतो," तो म्हणाला.

अच्युतरावांनी कपाटातून त्याची फाईल काढून पुढे केली. त्यानं हात लावला नाही. "राहू दे. आता ती तुझ्याच कामाची."

दोन दिवस अच्युतरावांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते समोरच्या क्वार्टरात गेले. बयाना तुझ्या नावावर करून देतो, त्याच भावात घर घे, असं त्यांनी सांगून पाहिलं. मालतीबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. तिला आता ते घर नकोय, एवढं बोलून मनोहरनं दार हलकेच लोटलं. स्कूटरचा पुढचा आठवडा मनोहरचा होता. सोमवारी अच्युतराव फॅक्टरीच्या बसनं गेले.

निर्मलाबाईंना हे हळदीकुंकवाला बायकांकडून कळलं. नव्या घरात राहायला आल्यावर व्हरांड्यातल्या त्या कडीला कुंडी लटकवावी असं अच्युतरावांनी एकदा सुचवलं. "तिथं काही टांगायचं नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. कडी तशीच राहिली. पेपर वाचायला व्हरांड्यात बसलं की डोळे वर जात, म्हणून अच्युतराव आत बसून पेपर वाचू लागले.

फाईल घेऊन यायचं लोकांनी बंद केलं. गणपतीत पहिल्या रांगेतली खुर्ची तशीच मिळाली, पण आरतीनंतर त्यांच्याभोवती माणसं थांबेनात.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. मनोहरचं क्वार्टर मुदत वाढवून चाललं होतं. ऑक्टोबरात एका दुपारी अच्युतरावांच्या नव्या घराचं फाटक वाजलं आणि मनोहर अंगणात उभा दिसला. पायांखाली प्राजक्ताची सुकलेली फुलं होती, ती चुकवत तो व्हरांड्यात आला. काखेत फाईल होती.

"दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला. "कागद वाचणारं मला दुसरं कुणी नाही."

अच्युतरावांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. फाईल ठेवून जा, असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण मनोहर कडीखालच्या खुर्चीत बसला.

"मी इथंच बसतो. तू वाच."

अच्युतराव समोर बसले आणि वाचू लागले. कपाळावर घाम येत होता, तो पुसायलाही त्यांना लाज वाटत होती. निर्मलाबाईंनी चहा आणला. मनोहरनं नको म्हटलं आणि पाणी तेवढं घेतलं. एकेक पान वाचून होई तसं अच्युतराव ते त्याच्या बाजूला सरकवत गेले.

"एका वर्षाची कराची पावती नाही, ती मालकाकडून मागून घे," शेवटी ते म्हणाले. "बाकी चोख आहे. बयाना आजच दे."

"आज? आठ दिवस नाही लागत?"

अच्युतरावांची मान वर झाली नाही.

"नाही," ते म्हणाले. "कधीच लागत नव्हते."

मनोहरनं पानं उचलली, सगळी आहेत ना ते एकेक करून पाहिलं आणि फाईलची दोरी स्वतःच्या हातानं बांधली. अच्युतराव मदतीला पुढे झाले होते. त्यांनी हात मागे घेतला.