उसातलं बेट

अख्ख्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेट आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. श्रीगोंद्याकडे त्यांच्या गावाबाहेर देवीची टेकडी आहे. वर जुनी झाडी, खाली चहूकडे ऊस. "या झाडीतले पतंग ऊस ओलांडत नाहीत हो. इथले संपले की संपले, दुसरीकडून येणार कोण?" हे ते चहाच्या आधी सांगतात आणि चहानंतरही सांगतात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस चार गोड गोष्टी बोलेल, तर नाव नको. पाहुणा आला की त्याच्या गादीवरची पांढरी चादर काढून टेकडीवर दोरीला टांगायची, पुढे बारका दिवा लावायचा, आणि पहाटे त्याच पाहुण्याला उठवून चादरीवर कोण कोण बसलंय ते दाखवायला न्यायचं. मी कित्येकदा उघड्या गादीवर झोपलोय. एकदा तर एक तपकिरी पतंग माझ्या बाहीवर बसला आणि साडूंनी मला तासभर हात हलवू दिला नाही.

मेहुणी होती तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. तिला अंधाराची फार भीती. संध्याकाळी देवीला जायची ती यांचा हात धरूनच. ती गेली आणि साडूंनी तिच्या नावाने देवळापुढे उंच खांबावर मोठा दिवा बसवला. तिथेच चुकले. टेकडीवरचे सगळे पतंग त्या उजेडाकडे धावले. रोज सकाळी फरशीवर पंखांचा सडा, आणि उरलेले टिपायला कोतवाल पक्षी हजर. जन्मभर पतंग मोजणाऱ्याला हे आधी सुचू नये? मी तसं बोललो आणि बोलून पस्तावलो.

"तेव्हा मला तीच दिसत होती," एवढंच ते म्हणाले.

यंदा चादर जवळजवळ रिकामी राहू लागली, तेव्हा दिवा बंद करा म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. देवळाचे गुरव चक्रावले. "सर, बाईंच्या नावाचा दिवा हाय. तुमीच इझवा म्हनता?" साडूंनी मान खाली घातली, पण अर्ज मागे घेतला नाही. आता तो दिवा यात्रेपुरताच लागतो.

गेल्या महिन्यात गेलो तर माझ्या गादीवर चादर तशीच होती. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दिवेलागणीला साडू घरात दिसेनात, म्हणून टेकडी चढलो. विझलेल्या खांबाच्या बुडाशी एकटेच बसले होते.

"इथे काय करताय?"

"रोज बसतो थोडा वेळ. तिला अंधाराची भीती वाटते ना."

मीही शेजारी टेकलो. उरल्यासुरल्या उजेडात त्यांनी माझ्या बाहीकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हात हलवू नका."

मी हलवला नाही.